इफ्फतची गजराबाई

नंदुरबारात मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला बसणाऱ्या बायांमध्ये एक बाई कधीकाळी सिनेमातली नटी होती, हे तिथल्या दोघीतिघींनाच ठाऊक होतं. इफ्फतने ते तसंच ठेवलं होतं. सकाळी येताना ती ओढणी डोळ्यांखालपर्यंत गुंडाळून यायची. मिरचीच्या खकाण्यामुळे सगळ्याच बाया तोंड बांधून बसतात, त्यामुळे तिचं झाकून बसणं कुणाला वेगळं वाटलं नाही. असे चार हिवाळे गेले.

पाचव्या हिवाळ्यात, जानेवारीच्या मध्यावर, अमृत तिथे आला. पांढरी गाडी पथारीच्या कडेला लावून तो खाली उतरला आणि उतरल्या उतरल्या शिंकायला लागला. लांबवर नुसतं लालच लाल, आणि मधे पांढरा शर्ट घातलेला हा माणूस नाकाला रुमाल लावून ओरडतोय, "कामिनी! ओ कामिनी!"

कामिनी नावाची बाई पथारीवर नव्हतीच. पण अमृतला बायांनी ओळखलं. त्याचे अहिराणी विनोदाचे व्हिडिओ घरोघरी मोबाईलवर चालतात. बाया देठ टाकून उठल्या, त्याच्याभोवती जमल्या, फोटो काढायला लागल्या. इफ्फत तेवढी मान खाली घालून खुडत राहिली. एवढ्या गडबडीत जी बाई मान वर करत नाही तीच ती, हे अमृतने बरोबर हेरलं. तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

"वयखं का नही माले?" ओळखलंस की नाही मला?

इफ्फतने ओढणी खाली केली. अठरा वर्षांपूर्वी याच माणसाच्या गालावर तिने शेणाने भरलेल्या हाताची थप्पड मारली होती, आणि त्या एका थपडेखाली तिचं पुढचं सगळं आयुष्य गेलं होतं.

"काब्र उना?" तिने विचारलं. का आलास?

अमृतने सांगितलं. अहिराणी सिनेमाला वीस वर्षं झाली म्हणून त्याने एक सोहळा ठरवला होता. फेब्रुवारीतला पहिला रविवार, दुपारी, गावातल्या नाट्यगृहात. जुन्या लोकांचा सत्कार होता. शाल, नारळ, मानचिन्ह. कामिनीशिवाय ते व्हायचं कसं?

इफ्फतने हातातल्या मिरचीचा देठ खुडला. मग म्हणाली, "गजराबाईना एक शीन दखाडशात का? मोठा पडदावर? दखाडशात तर येसू." दाखवणार असाल तरच ती येणार होती.

अमृतच्या चेहऱ्यावरून दिसलं की तो कधीच बाहेर न आलेला सिनेमा आठवायला त्याला वेळ लागला. "ते भरतदादाजवळ शे ना," तो म्हणाला. भरतदादा म्हणजे त्या सगळ्या सिनेमांचा दिग्दर्शक. "तू आनी दे. मी लावस."

*

इफ्फतचे वडील अनीस गाद्यांचा कापूस पिंजायचे. घरात कापूस उडायचा आणि आई बिबीजान दिवसभर खोकायची. शाळेच्या गॅदरिंगमध्ये गायला उभी राहिलेली इफ्फत सतराव्या वर्षी लग्नातल्या ऑर्केस्ट्रात गायला लागली, आणि तिथेच ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या जाहिदशी तिचं लग्न झालं. खांडबाऱ्याचा भरत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. एका लग्नात त्याने नवरी सोडून चार मिनिटं तिच्यावरच कॅमेरा धरला. नंतर घरी येऊन बिबीजानसमोर म्हणाला, "चाची, कॅमेरामा हिना चेहरा मरत नही."

त्या काळात अहिराणी विनोदी सिनेमांच्या सीड्या आठवडे बाजारात कोथिंबिरीसारख्या खपत. भरतने तिला घेतलं, पण नाव बदललं. "इफ्फत नाव चांगलं शे. पन लोकेसना तोंडमा बसाव नही," तो म्हणाला. कव्हरवर कामिनी छापलं गेलं. आठ वर्षांत चौदा सीड्या निघाल्या. चौदाही वेळा ती अमृतची भांडखोर बायको होती. कधी हातात लाटणं, कधी केरसुणी, कधी मुसळ. ती भरतला दर वेळी विचारायची, "दादा, यावेळी मी काय?" भरत म्हणायचा, "बायको." ती म्हणायची, "कोनती?" भरत म्हणायचा, "तीच."

थप्पड कोरीट गावच्या एका गोठ्यात घडली. प्रसंग असा होता की नवरा पिऊन आलाय, म्हशीसमोर बसून तिच्याकडेच चहा मागतोय, आणि गोवऱ्या थापणारी बायको येऊन त्याला ढकलते. इफ्फत गोवऱ्या थापत होती, ते खरंच शेण होतं. ढकलायच्या ऐवजी तिचा हात फिरला आणि फाडकन गालावर बसला. सगळे थिजले. अमृत मात्र जागचा हलला नाही. गालावरचं शेण ओघळू दिलं, म्हशीकडे वळला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "चहामा साखर कमी शे."

ते लोकांनी डोक्यावर घेतलं. बाजारात पोरं तिच्यापुढे गाल करायची. लग्नात गायला उभी राहिली की खालून ओरडा यायचा, "साखर कमी शे!" जाहिदला सुरुवातीला त्याचा अभिमान होता. पुढे तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला गेला, तिथे खान्देशातलीच माणसं भेटली आणि त्याला शेणवालीचा नवरा म्हणायला लागली. ईदेला यायचा तो एका ईदेला आला नाही. मग पुढच्याही. तिकडे दुसरं घर झाल्याचं तिला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. लेक सदफ तेव्हा नऊ वर्षांची होती.

त्याच वर्षी इफ्फत रेशन कार्डावरचं काही काम घेऊन कचेरीत गेली होती. रांगेत तिच्यापुढे डोंगराकडची एक बाई होती. तिचा नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेला तो तीन वर्षं परतला नव्हता. कारकून विचारत होता, "मग नाव कमी करायचं का?" बाई काहीच बोलत नव्हती. तो पुन्हा विचारत होता. शेवटी बाई कार्ड घेऊन तशीच निघून गेली.

इफ्फतने तो प्रसंग भरतला सांगितला. सांगता सांगता तिनेच ती बाई करून दाखवली. भरत दोन दिवसांनी वही घेऊन आला. "गजराबाईनं घर" असं त्याने वर लिहिलं होतं. अमृतने वही वाचली आणि हात जोडले, "मी हसाडनारा मानूस शे, माले नका." मग कारकुनाचं काम भरतने स्वतःच केलं.

बावीस दिवस शूटिंग चाललं. कोरीटच्या एका रिकाम्या घरात, तापीच्या काठावर, आणि एक दिवस डोंगरातल्या काठी गावच्या होळीत. नवऱ्याने होळीला येईन असं सांगितलेलं, म्हणून गजराबाई त्या गर्दीत एकेका पुरुषाचा चेहरा बघत फिरते. ती गर्दी खरी होती, ढोल खरे होते. कुणाला माहीत नव्हतं की ही बाई खोटं खोटं शोधतेय. एका म्हाताऱ्याने तिला थांबवून विचारलंही, कोण हरवलंय, बाई?

कचेरीतलं तिचं लांबलचक बोलणं मात्र एकाच टेकमध्ये झालं. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नसतं, म्हणून गजराबाई शेवटी कारकुनाला सांगते, रेघ मारण्याआधी ते नाव एकदा मोठ्याने वाचा. भरतने ते वाचलं आणि त्याचा आवाजच फुटला. कॅमेरा धरणारा माणूस तोंड फिरवून उभा होता. इफ्फतला त्या वेळी कळलं की आपल्याला हे येतं. एकतिसाव्या वर्षी कळलं.

त्यानंतर काहीच झालं नाही. ती विचारायची, भरत सांगायचा, "एडिटिंग चालू शे." सीडीचा धंदा बसला. लोकांच्या हातात मोबाईल आले. "एडिटिंग चालू शे." एक वर्ष, तीन वर्षं. मग भरतने फोन उचलणं सोडलं, आणि पुढे कुणीतरी सांगितलं की त्याला अर्धांगाचा झटका आलाय. इफ्फतने काही वर्षं शिवणकाम केलं. नजर अधू झाली तेव्हा पथारीवर आली. पण डोक्यात कुठेतरी तिने धरून ठेवलं होतं की खांडबाऱ्याला एका कपाटात गजराबाई बसलेली आहे.

*

अमृत येऊन गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी ती पॅसेंजरने खांडबाऱ्याला उतरली. भरतचा स्टुडिओ आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान झाला होता. घर मागे होतं. भरतच्या बायकोने, फुलवंताबाईने, दार उघडलं आणि तिला बघून क्षणभर दारातच अडवल्यासारखी उभी राहिली.

"ये," मग म्हणाली. "तो बोलत नही आते."

भरत खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. इफ्फतला बघून त्याच्या घशातून "आ... आ..." एवढंच निघालं.

"दादा, गजराबाई लेवाले उनू मी," ती म्हणाली. "अमृत मोठा पडदावर लावनार शे."

भरतने डोळे मिटले. उघडलेच नाहीत. तिला वाटलं त्याला झोप आली. फुलवंताबाई आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक लोखंडी डबा घेऊन आली.

डब्यात छोट्या छोट्या टेपा होत्या, आगपेटीपेक्षा थोड्या मोठ्या. प्रत्येकीवर भरतच्या अक्षरात लिहिलेलं. गजराबाई १. गजराबाई २. आणि प्रत्येकीवरचं ते नाव निळ्या शाईने खोडून खाली दुसरं लिहिलेलं. हळद, चिंचपाडा. लग्न, विसरवाडी. साखरपुडा. लग्न. लग्न.

इफ्फतने एक एक टेप काढून मांडीवर ठेवली. सगळ्या एकोणीस बघून झाल्या तरी तिला समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

"हाई काय शे?" तिने विचारलं.

"नव्या टेपा भेटेत नहीत," फुलवंताबाई म्हणाली. "बंद व्हई गयात. आनि लगीनसराई डोक्यावर. त्यानी सांगं, कॉम्प्युटरमा समदं उतारेल शे, टेप लागत नही. मंग कॉम्प्युटर जळना." तिने खाटेकडे पाहिलं. "मी म्हने, त्या बाईले सांगी टाका. तो म्हने, सांगसू, सांगसू."

"कधी?"

"दहा-बारा वरीस व्हयनात."

एडिटिंग चालू शे. इफ्फतने मनातल्या मनात वर्षं मोजली. त्यातली बहुतेक सगळी तिने त्या तीन शब्दांवर काढली होती.

फुलवंताबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने जुना कॅमेराही आणला. त्याची तार भिंतीत खोचली, बटण चालू झालं. "एक टेपना शेवटले थोडी शे तू," ती म्हणाली. "मी देखेल शे."

बोटभर पडद्यावर कुणाचंतरी लग्न चाललं होतं. अक्षता, घामेजलेला नवरदेव, पंगत, वाढपी. फुलवंताबाई पुढे पुढे पळवत गेली. मग पडदा निळा झाला, फरफर झाली आणि इफ्फत दिसली.

ती निंबाखाली बसली होती. गजराबाईचं हिरवं लुगडं नेसलेली. काहीच करत नव्हती. शॉट लागायची वाट बघत पोटरी खाजवत होती. एक शेळी आली तिला तिने हुसकावलं. मग कॅमेऱ्याकडे वळून, डोळे बारीक करून म्हणाली, "चालू शे का?" आणि पडदा काळा झाला.

दीड मिनिट असेल. इफ्फतने पुन्हा लावायला सांगितलं नाही.

"ली जाय ही टेप," फुलवंताबाई म्हणाली.

"कशावर लावू?" इफ्फतने टेप परत डब्यात ठेवली.

ती निघाली तेव्हा भरतचे डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी गालावरून उशीवर जात होतं. पुसायला त्याचा हात उठत नव्हता. इफ्फत उभी राहिली. शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं; येताना हे माहीत असतं तर वाटेवर तिने त्यांची जुळवाजुळव तरी केली असती. तिने ओढणीच्या टोकाने त्याचा गाल पुसला आणि स्टेशनवर येऊन बाकावर बसली. गाडीला दोन तास होते.

*

सोहळ्याला आता जायचं कशाला, असं तिने ठरवून टाकलं होतं. पण अमृतने तोवर बातमी फिरवली होती. कामिनीचा जुना फोटो, हातात लाटणं, खाली मोठ्या अक्षरात तारीख. दोन दिवसांत तो शहाद्याला पोचला. शहाद्याला तिची लेक सदफ दिलेली होती.

सदफच्या सासरी हार्डवेअरचं दुकान, माणसं सभ्य, घर बऱ्यापैकी. लग्न जुळवताना आई शिवणकाम करते एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. सदफला आठवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. इफ्फतने त्यासाठी घरातली कोपऱ्याची जागा रिकामी करून ठेवली होती, भिंतीला चुना दिला होता.

सदफचा फोन दुपारी आला. आवाज दाबलेला. "अम्मी, तू मत जा उधर."

"नाही जात," इफ्फत म्हणाली.

"इनके अब्बा ने फोटो देखा. पूछ रहे थे, ये औरत तुम्हारी अम्मी जैसी लगती है. मैं बोली, होगी कोई."

होगी कोई. असेल कुणीतरी. इफ्फतने "बरं केलंस" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यात लेकीची काही चूक नव्हती. तिला असंच बोलायला इफ्फतने स्वतः शिकवलं होतं. तरी ते दोन शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. दोन दिवस देठ खुडताना ती तेच ऐकत राहिली. खांडबाऱ्याला ती पुसली गेली होती, शहाद्याला ती असेल कुणीतरी होती, आणि पथारीवर ओढणीमागे तर कुणीच नव्हती. रविवारी दुपारी तिने पेटीतली जांभळी साडी काढली, नेसली आणि नाट्यगृहाकडे चालायला लागली. का गेली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

सभागृह भरलं होतं. बाया, पोरं, खेड्यांवरून टेम्पो भरून आलेली माणसं. शाल झाली, नारळ झाला. मग अमृतने माईक घेतला आणि मागच्या पडद्यावर गोठा आला, म्हैस आली, तरुण अमृत आला. थप्पड बसली. माणसं खुर्च्यांतून पडायची राहिली. लगेच एक माणूस घमेलं घेऊन रंगमंचावर आला. घमेल्यात रंग घालून कालवलेली माती, अगदी शेणासारखी. अमृत गुडघ्यांवर बसला आणि गाल पुढे केला.

"मारा, वहिनी! वीस वरीसना वनवास सरना आज!"

शिट्ट्या सुरू झाल्या. इफ्फतने घमेल्याकडे बघितलं, मग अमृतच्या हातातला माईक घेतला.

"एक मिनिट," ती म्हणाली. "माले एक शीन करना शे."

अमृतला वाटलं हा तिनेच काढलेला नवा विनोद. तो खुशीत मागे सरला. "व्हऊ द्या!"

इफ्फत सभागृहाकडे तोंड करून उभी राहिली. समोर कारकुनाचं टेबल आहे असं तिने मनात धरलं. बारा वर्षांत तिने ते बोलणं एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण पहिला शब्द उच्चारला आणि बाकीचे आपोआप रांगेने आले.

"नाव कमी करनं शे का म्हनीन इचारतस साहेब? करा ना. एक लाल रेघ तर मारनी शे. पन मन्हा मालक कसा व्हता, ते तरी आयका. घोरे, तर शेजारनी म्हैस दावं तोडे..."

म्हैस म्हटल्याबरोबर हास्याचा लोंढा आला. इफ्फत थांबली नाही.

"भाकर कधी गरम खादी नही त्यानी. मी वाढू, तो बाहेर गप्पा मारत बशे. थंडी व्हयनी का मन्हावर वरडे, थंडी काब्र वाढी! सात वरीस सांगं मी त्याले, चप्पल घरमा आनू नको. सात वरीस आनी."

पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. यांना ही बायको पाठ होती. पुढे काय होणार तेही पाठ होतं.

"आते तीन वरीस व्हयनात साहेब. मी रोज झाडस. एक पाय उमटत नही. म्हैस बी शांत झोपस. मीच जागी ऱ्हास, का हाई घर इतलं चुप कसं." तिचा आवाज खाली गेला. म्हैस शांत झोपस, यावर मागे कुणीतरी खिंकाळलं आणि सगळं सभागृह पुन्हा फुटलं. "रेघ मारा साहेब. पन मारानं पहिले एकदाव ते नाव मोठाथीन वाचा. माले लेता येत नही. मन्हा घरमा ते नाव कोनी लेत नही. तुम्ही वाचा. माले आयकनं शे."

आणि ती वाट बघत उभी राहिली. इथे कारकून नाव वाचतो. कोरीटच्या त्या खोलीत भरतने वाचलं होतं. इथे वाचणारं कुणी नव्हतं. क्षणभर सभागृह गप्प झालं. पुढच्या रांगेतल्या एका बाईचा पदर तोंडावरून खाली आला होता आणि ती हसत नव्हती.

अमृत तीस वर्षं लोकांना हसवणारा माणूस. रंगमंचावर गप्प क्षण आला की तो भरायचा, हे त्याच्या हाडात होतं. तो पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि गाल पुढे करून म्हणाला, "चहामा साखर कमी शे!"

छत उडायचंच बाकी राहिलं. "थप्पड! थप्पड!" टाळ्यांच्या ठेक्यावर हजार माणसं ओरडत होती. इफ्फतने अमृतकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. तो तिला सांभाळून घेत होता, त्याला वाटलं ती पुढचं विसरली. तिने हात घमेल्यात घातला आणि मारली. नेमकी मारली. अठरा वर्षांपूर्वी जिथे बसली होती तिथेच, तशीच, आवाजसुद्धा तोच.

नंतर अमृतने तिला पाणी आणून दिलं. "काय केलं, बाई तू!" तो गाल पुसत म्हणाला. "नवा आयटम कमाल शे. आपन व्हिडिओ करूत यावर."

*

व्हिडिओ त्याच संध्याकाळी निघाला. त्यातला थपडेचा तुकडा कापून लोकांनी इतका फिरवला की पथारीवरच्या बायाही सोमवारी तिला दाखवायला लागल्या. आता तोंड बांधून उपयोग नव्हता. मुकादमही येताजाता गाल पुढे करायला लागला.

शहाद्याहून बुधवारी फोन आला, तो जावयाचा, अजहरचा. तो नीट बोलला. "मावशी" म्हणाला, तब्येत विचारली. मग सांगितलं की बाळंतपण इकडेच करायचं ठरलंय, इकडे दवाखाने बरे आहेत, तुम्ही उगाच दगदग करू नका. घरातल्यांचा राग जरा निवला की मग या. इफ्फतने "हो" म्हटलं. कधी निवेल, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

सदफचा फोन त्यानंतर नऊ दिवसांनी आला. नळाच्या पाण्याचा आवाज येत होता, बहुतेक मोरीत उभी राहून बोलत होती.

"अम्मी, मैंने वो पूरा देखा. थप्पड के पहले का."

इफ्फतने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उसका नाम क्या था? जो गया था उसका?"

"धुडकू," इफ्फत म्हणाली. "धुडकू नाव होतं त्याचं."

पलीकडे पाणी वाहत राहिलं. सदफ रडत होती की नाही हे इफ्फतला कळलं नाही. "वो लोग हँस क्यों रहे थे, अम्मी?" तिने विचारलं, आणि इफ्फत काही सांगणार तोच कुणीतरी हाक मारली, नळ बंद झाला, फोन कटला.

त्यानंतर तो नंबर लागला नाही. मार्चच्या शेवटी सदफला मुलगी झाली. ही बातमी इफ्फतला शहाद्याहून मिरची घेऊन आलेल्या एका गाडीवाल्याकडून कळली. तो त्यांच्याच गल्लीत राहायचा, आणि ही आजी आहे हे त्याला माहीत नव्हतं. दुकानात पेढे वाटले, एवढंच तो म्हणाला. मुलगी कुणासारखी दिसते, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. उन्हं वाढली होती, हंगाम संपत आला होता. पथारीवर शेवटच्या ढिगातली मिरची हलकी आणि कडकडीत झाली होती, देठ बोटात यायच्या आधीच तुटायचे. इफ्फतने पोतं पुढे ओढलं आणि खुडायला घेतलं.